पिक्सेल ७ए: बूटलोडर उघडणे, मॅजिस्कने रूट करणे आणि पुन्हा कुलूप लावणे

बूटलोडर अनलॉक करणे आणि फोन रूट करणे या दोन गोष्टी बोलताना एका दमात घेतल्या जातात, पण ती दोन वेगळी कामे आहेत. पॉवर बटण दाबल्यावर जे छोटे प्रोग्रॅम सर्वांत आधी जागे होतात, त्यांतला एक म्हणजे बूटलोडर. पुढे लोड होणाऱ्या इमेजवर, म्हणजे सॉफ्टवेअरच्या तयार फाइलवर, कंपनीची सही आहे का हे तो तपासतो आणि सही जुळली तरच अँड्रॉइड सुरू होऊ देतो. अनलॉक केल्यावर सही जुळली नाही तरी तो अडवत नाही, इशारा दाखवून पुढे जातो. रूट ही त्यानंतरची पायरी. सुरू झालेल्या अँड्रॉइडमध्ये मॅजिस्कसारख्या साधनाने 'एसयू' नावाची सोय बसवायची, म्हणजे तुम्ही परवानगी दिलेल्या ॲपला सर्वाधिकार मिळतात. अनलॉक करून रूट न करता राहता येते, कस्टम रॉमवाले, म्हणजे कंपनीऐवजी दुसऱ्यांनी बनवलेले अँड्रॉइड घालणारे, बरेच जण तसेच राहतात. अनलॉक न करता रूट करणे मात्र आजच्या फोनवर एखादी सुरक्षेची फट सापडल्याशिवाय जमत नाही. 'एका टॅपमध्ये रूट' असे म्हणणारी ॲप दिसली तर ती डाउनलोडसुद्धा करू नका.

उदाहरणासाठी गूगल पिक्सेल ७ए घेतला आहे. कारण सरळ आहे: याची प्रत्येक मूळ इमेज गूगल स्वतः उघडपणे देते, अनलॉकसाठी कोड मागावा लागत नाही आणि चूक झाली तर परत येण्याचा रस्ता बहुतेक वेळा उघडा असतो. इतर ब्रँडांचे फरक शेवटी दिले आहेत.

कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना नेहमीचे इंग्रजी स्पेलिंग, सगळी अक्षरे लहान आणि दोन शब्दांत एक जागा, एवढे पाळा.

आधी गरज तपासा

रूट करायला निघालेल्यांपैकी अनेकांना हवे असते ते फक्त नको असलेली ॲप काढणे. त्याला रूट लागत नाही. फोनला संगणकावरून कमांड घेऊ देणारे यूएसबी डीबगिंग चालू करून आणि एडीबी हे कमांड देणारे साधन वापरून (दोन्ही पुढे येतात) 'एडीबी शेल पीएम अनइन्स्टॉल --युजर ०' आणि पुढे पॅकेजचे नाव दिले की ते ॲप तुमच्या खात्यापुरते निघून जाते. परत हवे असेल तर 'एडीबी शेल सीएमडी पॅकेज इन्स्टॉल-एक्झिस्टिंग' आणि तेच नाव. शिझुकू नावाचे ॲपही एडीबीच्या अधिकारावर बरीच कामे करून देते. जाहिराती अडवायला अनेकदा खासगी डीएनएस पुरतो. पूर्ण ॲपचा डेटासकट बॅकअप, कर्नलमध्ये, म्हणजे अँड्रॉइडच्या गाभ्यात, फेरफार, होस्ट्स फाइल बदलणे, सिस्टीमच्या वागण्यात खोल बदल करणारी मॉड्यूल यातले काही हवे असेल तर मात्र रूटला पर्याय नाही.

किंमत कुठे मोजावी लागते तेही आधीच कळलेले बरे. गूगलची प्ले इंटिग्रिटी ही तपासणी बूटलोडर उघडा आहे का हे फोनच्या हार्डवेअरकडून विचारून घेते. पूर्वीची सेफ्टीनेट फसवायचे दिवस आता संपले. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या डिजिटल पेमेंट सुरक्षा निर्देशांतही रूट केलेल्या फोनची तपासणी अपेक्षित आहे. त्यामुळे तुमच्या बँकेचे ॲप उघडताच बंद झाले तर तो बिघाड समजू नका, ते सांगितल्याप्रमाणे वागते आहे. गूगल वॉलेटचे टॅप करून पैसे देणे अनलॉक फोनवर चालत नाही. हे सगळे लपवणारी मॉड्यूल सापडतात, पण ती आज चालतात आणि उद्या थांबतात. ज्या फोनवर पगार जमा झाल्याचा निरोप येतो त्यावर असला पाठशिवणीचा खेळ नको. सरळ उपाय म्हणजे बँक आणि यूपीआय दुसऱ्या, न छेडलेल्या फोनवर ठेवा. यूपीआयची नोंदणी सिममधून जाणाऱ्या एसएमएसवर होते, म्हणून खात्याशी जोडलेले सिमही त्याच फोनमध्ये घालावे लागेल.

दुसरी किंमत चोरीच्या वेळी कळते. पिन असेपर्यंत डेटा एन्क्रिप्टेडच असतो, पण उघड्या बूटलोडरचा फोन हाती लागलेला माणूस त्यात बदललेली इमेज घालून तो तुमच्याकडे परत ठेवू शकतो आणि पुढच्या वेळी तुम्ही पिन टाकण्याची वाट पाहू शकतो. कार्यालयाने दिलेला फोन, घरातल्या दुसऱ्याचा फोन, एकुलता एक फोन: या तिघांना हात लावू नका.

तयारी

संगणकावर गूगलचे प्लॅटफॉर्म टूल्स उतरवा. हे छोटे झिप असते आणि त्यात एडीबी आणि बूटलोडरशी बोलणारे फास्टबूट दोन्ही असतात. अँड्रॉइडच्या डेव्हलपर साइटवरूनच घ्या. इतरत्र मिळणारी 'मिनिमल' पॅकेजे वर्षानुवर्षे जुनी असतात आणि जुन्या फास्टबूटला आताचे पार्टिशन, म्हणजे स्टोरेजचे विभाग, कळत नाहीत. झिप एखाद्या साध्या जागी उघडा, फोल्डरच्या नावात मराठी अक्षरे किंवा मोकळ्या जागा नकोत. विंडोजवर फोल्डरच्या ॲड्रेस बारमध्ये 'सीएमडी' टाइप करून एंटर दाबले की कमांडची खिडकी त्याच जागी उघडते. पॉवरशेल उघडली असेल तर प्रत्येक कमांडच्या आधी टिंब आणि उलटी तिरकी रेघ लागते, नाहीतर 'अशी कमांड नाही' असे उत्तर मिळते. मॅक आणि लिनक्सवर टिंब आणि सरळ तिरकी रेघ.

विंडोजवर गूगलचा यूएसबी ड्रायव्हरही लागतो. इथे एक खाच आहे. फोन चालू असताना तो संगणकाला एक उपकरण वाटतो, फास्टबूटमध्ये दुसरे आणि फास्टबूट-डी या तिसऱ्या अवस्थेत आणखी वेगळे. त्यामुळे एडीबी चालते आणि फास्टबूट मात्र 'वेटिंग फॉर एनी डिव्हाइस' म्हणत बसते. तेव्हा डिव्हाइस मॅनेजर उघडा, पिवळ्या खुणेच्या ओळीवर उजवी क्लिक करा आणि ड्रायव्हर हाताने निवडून 'अँड्रॉइड बूटलोडर इंटरफेस' द्या.

केबल डेटा वाहणारी हवी. चार्जरच्या डब्यात पडलेली कुठलीही चालत नाही. काही रायझन संगणकांच्या यूएसबी ३ पोर्टवर फास्टबूट अडखळते: कमांड लटकते किंवा अर्ध्यावर तुटते. मध्ये यूएसबी २ चा साधा हब लावला की बहुधा सुटते. बॅटरी निदान ५० टक्के ठेवा.

आता बॅकअप. अनलॉक होताना फोनमधले सगळे पुसले जाते, अंतर्गत स्टोरेजमधले फोटोसुद्धा. हे मुद्दाम तसे केले आहे. तसे नसते तर फोन उचललेला कोणीही बूटलोडर उघडून तुमच्या डेटापर्यंत पोचला असता. फोटो आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप सगळेच घेतात, हमखास राहून जातात ती ऑथेंटिकेटर ॲपमधली खाती. ती दुसऱ्या फोनवर एक्स्पोर्ट करा, नाहीतर फोन नवा कोरा झाल्यावर ईमेलच्याच दाराबाहेर उभे राहाल.

आणि सर्वांत महत्त्वाचे: फोन आता ज्या बिल्डवर, म्हणजे सॉफ्टवेअरच्या आवृत्तीवर, चालतो आहे, नेमक्या त्याच बिल्डची फॅक्टरी इमेज (गूगलच्या मूळ सॉफ्टवेअरचा पूर्ण संच) अनलॉक करण्याआधी संगणकावर उतरवून ठेवा. परतीचा रस्ता तोच. आधी फोन ताज्या अपडेटवर आणा, मग सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन'च्या तळाशी बिल्ड नंबर दिसतो तो अक्षर न् अक्षर टिपून घ्या. गूगलच्या फॅक्टरी इमेजच्या पानावर ७ए चे सांकेतिक नाव 'लिंक्स' आहे. ६ए म्हणजे 'ब्लूजे', ७ म्हणजे 'पँथर', ८ए म्हणजे 'अकिता'. एकाच महिन्याच्या दोन-तीन इमेज असतात, वेगवेगळ्या मोबाइल कंपन्यांसाठी किंवा प्रदेशांसाठी, म्हणून महिना पाहून उचलू नका, पूर्ण नंबर जुळवा. फाइल मोठी असते आणि अर्धवट उतरली तरी कधीकधी पूर्ण वाटते. पानावर दिलेला, फाइलची ओळख पटवणारा एसएचए-२५६ आकडा विंडोजच्या 'सर्टयुटिल -हॅशफाइल', पुढे फाइलचे नाव आणि शेवटी 'एसएचए२५६' अशा कमांडने पडताळा.

अनलॉक

सेटिंग्ज, अबाउट फोन, बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप. पिन दिल्यावर डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, ते सेटिंग्जमधल्या 'सिस्टीम'खाली सापडतात. तिथे दोन खटके चालू करायचे: 'ओईएम अनलॉकिंग' आणि 'यूएसबी डीबगिंग'. एक बंदही करायचा: 'ऑटोमॅटिक सिस्टीम अपडेट्स'. तो चालू राहिला तर रूट झाल्यावर रात्रीत अपडेट बसतो आणि सकाळी रूट गेलेले असते.

'ओईएम अनलॉकिंग' राखाडी दिसत असेल तर आधी फोन इंटरनेटला जोडून थोडा वेळ थांबा. हा खटका गूगलच्या सर्व्हरला विचारून मोकळा होतो. तरीही राखाडीच राहिला तर फोन कुठल्यातरी मोबाइल कंपनीला बांधलेला असू शकतो. अमेरिकेतून आणलेल्या, विशेषतः व्हेरायझनच्या पिक्सेलवर हे सर्रास दिसते आणि त्यावर खात्रीचा इलाज नाही. नातेवाइकांनी तिकडून आणलेला फोन असेल तर बाकीची तयारी करण्याआधी हा एक खटका पाहून घ्या. कार्यालयाच्या नियंत्रणाखालच्या फोनवरही तो बंदच असतो.

पुढे असे:

१. फोन जोडा आणि 'एडीबी डिव्हाइसेस' द्या. फोनवर परवानगीची चौकट येईल, ती मान्य करा. संगणकावर अनुक्रमांकासमोर 'डिव्हाइस' दिसले पाहिजे. 'अनऑथराइज्ड' दिसले तर ती चौकट अजून फोनवर तुमची वाट पाहते आहे.

२. 'एडीबी रीबूट बूटलोडर'. फोन फास्टबूट मोडमध्ये जाईल. हातानेही जाता येते: फोन बंद करून पॉवर आणि आवाज कमी करण्याचे बटण एकत्र दाबून धरा.

३. 'फास्टबूट डिव्हाइसेस'. अनुक्रमांक दिसला तरच पुढे.

४. 'फास्टबूट फ्लॅशिंग अनलॉक'. संगणकावर लगेच 'ओके' येते, पण अजून काहीच झालेले नसते. खरा होकार फोनवर द्यायचा: आवाजाच्या बटणाने 'अनलॉक द बूटलोडर' हा पर्याय आणा आणि पॉवर बटणाने निवडा. हात न लावता बसून राहिलात तर फोन 'डू नॉट अनलॉक'वरच असतो.

५. पडद्यावर 'अनलॉक्ड' दिसल्यावर 'फास्टबूट रीबूट'.

जुन्या लेखांतली 'फास्टबूट ओईएम अनलॉक' ही कमांड नेक्ससच्या काळातली. पिक्सेलवर ती वापरू नका.

आता दर वेळी फोन सुरू होताना इशाऱ्याचा पडदा येईल: बूटलोडर उघडा आहे, सॉफ्टवेअरच्या अस्सलपणाची हमी नाही. याला केशरी अवस्था म्हणतात. काही सेकंदांनी फोन आपणहून पुढे जातो. पडदा घालवायच्या युक्त्या शोधू नका, तो काही खात नाही. जुना पिक्सेल विकत घेताना मात्र हाच पडदा पाहा: विकणाऱ्यासमोर एकदा फोन बंद-चालू केला की कळते.

फोन नव्यासारखा सुरू होईल. या टप्प्यावर सगळे रिस्टोअर करण्यात दोन तास घालवू नका. सेटअपमध्ये जे टाळता येईल ते टाळून आधी रूट पूर्ण करा. काही बिनसले आणि पुन्हा पुसावे लागले तर ते दोन तास वाचतात. डेव्हलपर ऑप्शन्स आणि यूएसबी डीबगिंग पुन्हा चालू करा, ऑटोमॅटिक अपडेट पुन्हा बंद करा. पुसले गेले त्यात हे खटकेही गेले.

मॅजिस्क

मॅजिस्क हे जॉन वू यांचे मुक्तस्रोत काम, २०१६ पासून चालू. ते गिटहबवरच्या त्यांच्या अधिकृत पानावरूनच घ्या. मॅजिस्कच्या नावाने संकेतस्थळे बरीच आहेत, अधिकृत संकेतस्थळ नाही.

त्याची करामत अशी की सिस्टीम पार्टिशनला ते हात लावत नाही. आताच्या अँड्रॉइडवर सिस्टीम केवळ वाचता येते आणि तिच्या प्रत्येक ब्लॉकची पडताळणी होते, तिथे एक फाइल जरी बदलली तरी गडबड. मॅजिस्क त्याऐवजी फोन सुरू होताना मेमरीत लोड होणाऱ्या छोट्या रॅमडिस्कमधला 'इनिट' हा पहिला प्रोग्रॅम बदलते आणि पुढचे बदल फोन चालू असताना वरून पांघरते.

ही रॅमडिस्क कुठे आहे यावर इथले निम्मे अपघात होतात. अँड्रॉइड १३ सह बाजारात आलेल्या पिक्सेल ७, ७ प्रो, ७ए आणि त्यानंतरच्या फोनवर ती 'इनिट_बूट' या वेगळ्या पार्टिशनमध्ये असते. ६ए आणि त्याआधीच्या फोनवर ती 'बूट'मध्येच आहे, मग त्यावर आज कुठलेही अँड्रॉइड चालत असो. म्हणून ६ए साठी लिहिलेल्या पायऱ्या ७ए वर जशाच्या तशा चालवू नका.

फॅक्टरी इमेजचे झिप उघडा, आत 'इमेज-लिंक्स'ने सुरू होणारे आणखी एक झिप आहे, तेही उघडा. त्यातली इनिट_बूटची इमेज घ्या. तिचा आकार ८ एमबी असतो. हातात ६४ एमबीची फाइल असेल तर तुम्ही बूट उचलली आहे. ही मूळ इनिट_बूट वेगळ्या फोल्डरमध्येही जपून ठेवा, बिल्ड नंबर नावात घालून.

'एडीबी पुश'ने ती फोनच्या डाउनलोड फोल्डरमध्ये पाठवा. फोनवर मॅजिस्कचे ॲप बसवा, उघडा, वरच्या 'मॅजिस्क'च्या चौकटीतले 'इन्स्टॉल' दाबा (खालचे 'ॲप'चे नव्हे), 'सिलेक्ट अँड पॅच अ फाइल' निवडून ती इमेज दाखवा आणि 'लेट्स गो'. शेवटी 'ऑल डन' आले की त्याच फोल्डरमध्ये 'मॅजिस्क_पॅच्ड'ने सुरू होणारी नवी फाइल तयार असते. ती 'एडीबी पुल'ने संगणकावर आणा. फाइल मॅनेजरमधून ओढून आणायचा मोह होतो, पण त्या वाटेने फाइल बिघडू शकते, आणि बिघडलेली बूट इमेज हा शोधायला फार चिवट दोष आहे.

नंतर 'एडीबी रीबूट बूटलोडर', आणि मग 'फास्टबूट फ्लॅश इनिट_बूट' व पुढे पॅच केलेल्या फाइलचे नाव. नाव लांबलचक असते, टॅब दाबून पूर्ण करा. दोन 'ओके' यायला हव्यात, एक पाठवल्याची आणि एक लिहिल्याची. 'फास्टबूट रीबूट'.

जुन्या फोनवर 'फास्टबूट बूट'ने पॅच केलेली इमेज न लिहिता एकदा चालवून पाहता येत असे. इनिट_बूटमध्ये कर्नलच नसतो, त्यामुळे ७ए वर ती सोय नाही. म्हणूनच मूळ फाइल हाताशी हवी. तसेच जुन्या लेखांत व्हीबीमेटा हे पडताळणीचे पार्टिशन 'डिसेबल-व्हेरिटी'सह फ्लॅश करायला, म्हणजे लिहायला, सांगितलेले आढळेल. आताच्या मॅजिस्कला पिक्सेलवर त्याची गरज नाही, आणि ते मागेपुढे केले तर डेटा पुन्हा पुसावा लागू शकतो.

फोन चालू झाल्यावर मॅजिस्क उघडा. 'ॲडिशनल सेटअप'ची चौकट आली तर होकार द्या, फोन एकदा रीबूट होईल. ॲपमध्ये 'इन्स्टॉल्ड'समोर आवृत्तीचा आकडा दिसला की काम झाले. खात्रीसाठी 'एडीबी शेल', मग 'एसयू'. फोनवर परवानगी विचारली जाते आणि दहा सेकंदांत उत्तर दिले नाही तर नकार धरला जातो. 'आयडी' टाइप केल्यावर 'यूआयडी=०' आले म्हणजे तुम्ही रूट आहात.

फोन सुरूच होत नाही

घाबरून बटणे दाबत सुटू नका. पॉवर बटण अर्धा मिनिट धरून फोन बंद करा, पॉवर आणि आवाज-कमीने फास्टबूटमध्ये या. पडद्यावर फास्टबूट दिसते आहे तोवर फोनची वीट झालेली नाही, म्हणजे तो कायमचा बंद पडलेला नाही.

पॅच केलेली इमेज लिहिल्यानंतर लगेच बूटलूप आला, म्हणजे फोन पुन्हा पुन्हा सुरूच होत राहिला असेल तर इमेज दुसऱ्या बिल्डची होती, हे सर्वांत संभाव्य कारण. मूळ इनिट_बूट त्याच कमांडने परत लिहा, फोन उठेल. पॅच केलेली फाइल चुकून 'बूट'मध्ये लिहिली असेल तर कर्नलच पुसला गेला आहे. फॅक्टरी झिपमधली मूळ बूट इमेज 'फास्टबूट फ्लॅश बूट'ने परत घाला.

रूट व्यवस्थित होते आणि एखादे मॉड्यूल बसवल्यावर फोन गडगडला, हा प्रकार जास्त वेळा होतो. सुरू होताना ॲनिमेशन दिसल्यावर आवाज-कमी धरून सेफ मोडमध्ये जा. मॅजिस्क सगळी मॉड्यूल बंद करते, आणि नंतर नेहमीसारखा रीबूट केला तरी ती बंदच राहतात. तिथवरही पोचत नसेल तर संगणकावर 'एडीबी वेट-फॉर-डिव्हाइस शेल मॅजिस्क --रिमूव्ह-मॉड्यूल्स' देऊन ठेवा आणि फोन चालू करा, वाटेत एडीबी जागे होताच ती कमांड चालते. मॉड्यूल एका वेळी एकच बसवा. पाच एकत्र बसवली तर त्यातले दोषी कोण हे सापडत नाही.

काहीच लागू पडत नसेल तर पूर्ण फॅक्टरी इमेज. झिपमध्ये 'फ्लॅश-ऑल' नावाची फाइल असते, ती सगळे पार्टिशन पुन्हा लिहिते. ती मजकूर संपादकात उघडून पाहा: 'अपडेट'च्या ओळीत उणे चिन्ह आणि 'डब्ल्यू' असते, ते डेटा पुसते. तेवढे दोन वर्ण काढून सेव्ह केले तर डेटा राहतो. मध्येच फोन फास्टबूट-डीमध्ये जातो. तेव्हा विंडोजवर सगळे थांबलेले वाटले तर केबल उपटू नका, डिव्हाइस मॅनेजरमध्ये तिसऱ्यांदा ड्रायव्हर द्या.

मागच्या आवृत्तीवर जाताना मात्र सावध. पिक्सेल ६ च्या कुटुंबावर ऑगस्ट २०२२ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १३ ने बूटलोडरचा उलट-प्रवास रोखणारा आकडा वाढवला, त्यानंतर अँड्रॉइड १२ वर परत जाता येत नाही. फोनला 'ए' आणि 'बी' असे दोन स्लॉट, म्हणजे सॉफ्टवेअरच्या दोन प्रती ठेवायच्या जागा, असतात. एकात नवे आणि दुसऱ्यात जुने बूटलोडर राहिले तर जुन्या स्लॉटमधून उठताना फोन कायमचा बसू शकतो. गूगलच्या पानावर इमेजच्या वर असा इशारा असेल तर तो वाचल्याशिवाय फ्लॅश करू नका.

दर महिन्याचा अपडेट

छोटा अपडेट बसण्याआधी पार्टिशन मूळ आहेत का हे पाहतो आणि बदललेली इनिट_बूट दिसली की नकार देतो. म्हणून क्रम असा. मॅजिस्कमध्ये 'अनइन्स्टॉल' आणि त्यात 'रिस्टोअर इमेजेस'. रीबूट करायचे नाही. सेटिंग्जमधून अपडेट बसवा. शेवटी 'रीस्टार्ट नाऊ' दिसेल, ते दाबायचे नाही. मॅजिस्कमध्ये परत जाऊन 'इन्स्टॉल टू इनॲक्टिव्ह स्लॉट' निवडा आणि तिथलेच रीबूटचे बटण दाबा. चुकून 'रीस्टार्ट नाऊ' दाबले तर आकाश कोसळत नाही, फोन अपडेट होतो आणि रूट जाते. मग नव्या बिल्डची इनिट_बूट आणून पुन्हा पॅच. मोठ्या वार्षिक आवृत्तीच्या वेळी आधी सगळी मॉड्यूल बंद करा.

पुन्हा कुलूप

फोन विकायचा असेल किंवा बँकेचे ॲप त्यावर हवे असेल तर बूटलोडर पुन्हा लॉक करता येतो. सगळ्या प्रक्रियेतली सर्वांत धोक्याची कमांड हीच आहे. अनलॉक करताना फार तर डेटा जातो. फेरफार केलेल्या सॉफ्टवेअरवर लॉक केले तर बूटलोडर सही तपासतो, ती जुळत नाही, फोन बिघडल्याचा लाल इशारा येतो आणि फ्लॅशिंगही बंद झालेले असते.

म्हणून आधी फॅक्टरी इमेज पूर्ण फ्लॅश करा, या वेळी डेटा पुसूनच. मग फोन एकदा संपूर्ण सुरू होऊ द्या आणि मुख्य पडदा दिसेपर्यंत थांबा. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये 'ओईएम अनलॉकिंग' चालूच आहे हे पाहा. त्यानंतर फास्टबूटमध्ये 'फास्टबूट फ्लॅशिंग लॉक', आणि फोनवर होकार. डेटा पुन्हा पुसला जाईल. लॉक झालेला फोन व्यवस्थित उठल्यावरच ओईएम अनलॉकिंगचा खटका बंद करा, आधी कधीच नाही. लॉक झाल्यावर फोन उठला नाही आणि खटका चालू असेल तर पुन्हा अनलॉक करता येते. खटका बंद असेल तर एकच दार उरते: रिकव्हरी या दुरुस्तीच्या मेनूत 'अप्लाय अपडेट फ्रॉम एडीबी' निवडून गूगलची पूर्ण ओटीए (अपडेटची) फाइल 'एडीबी साइडलोड'ने देणे. ती कंपनीच्या सहीची असल्याने लॉक असलेल्या फोनवरही चालते. पण त्यासाठी रिकव्हरी तरी उघडायला हवी.

इतर ब्रँड

मोटोरोलावर 'फास्टबूट ओईएम गेट_अनलॉक_डेटा'ने मिळालेल्या ओळी जोडून कंपनीच्या साइटवर द्यायच्या, ईमेलने कोड येतो. ओळी जोडताना मधल्या मोकळ्या जागा आणि 'बूटलोडर' हा शब्द काढायला लोक विसरतात आणि कोड मिळत नाही म्हणून मॉडेलला दोष देतात. हुआवेने २०१८ मध्ये कोड देणे थांबवले.

सॅमसंगवर फास्टबूटच नसते, त्याऐवजी डाउनलोड मोड आणि संगणकावरचे ओडिन हे साधन असते. सही नसलेली इमेज चालवली की नॉक्स या सॅमसंगच्या सुरक्षा यंत्रणेचा फ्यूज हार्डवेअरमध्ये जळतो आणि तो परत जोडता येत नाही. नंतर मूळ सॉफ्टवेअर घातले तरी त्या फोनवर सिक्युअर फोल्डर आणि सॅमसंगचे पेमेंट कायमचे गेलेले असते. अमेरिकेत विकलेली मॉडेल मुळातच उघडत नाहीत.

शाओमीवर खाते फोनला जोडून, मोबाइल डेटा चालू ठेवून मी अनलॉक टूल वापरायचे. मीयूआय या शाओमीच्या जुन्या अँड्रॉइडवर बहुधा १६८ तास, म्हणजे सात दिवस थांबावे लागते, आणि मध्ये खाते काढून पुन्हा जोडले तर मोजणी पहिल्यापासून. मीयूआयच्या जागी आलेल्या हायपरओएसवर त्याआधी कम्युनिटी ॲपमधून परवानगी घ्यावी लागते. रोजचा कोटा बीजिंगच्या मध्यरात्री, म्हणजे आपल्या रात्री साडेनऊला उघडतो आणि लगेच संपतो. आणि मूळ रॉम परत घालताना मीफ्लॅश या शाओमीच्या साधनाच्या खिडकीत तळाशी उजवीकडे पाहा: तिथे आधीपासून 'क्लीन ऑल अँड लॉक' निवडलेले असते. चीनच्या फोनवर ग्लोबल रॉम घालताना ते तसेच राहिले तर फ्लॅश यशस्वी होतो, फोन लॉक होतो आणि मग उठत नाही. 'फ्लॅश' दाबण्याआधी ते बदलून 'क्लीन ऑल' करा.